दोन-चार दात गेलेत? पार्शल कवळी करताना काय बघायचं आणि नंतर ती अंगवळणी कशी पाडायची

आईच्या खालच्या दोन्ही बाजूच्या दाढा गेल्या आणि वर्षभर ती पुढच्या दातांनीच चावत होती. भाकरी आमटीत कुस्करून खायची, शेंगदाणे बंद, पेरू बंद, विचारलं की म्हणायची आता या वयात कशाला. शेवटी कवळी केली आणि ती पंधरा दिवसांत डबीत जाऊन पडली, कारण हिरडीला टोचत होती. टोचतंय म्हटल्यावर परत जाऊन घासून घ्यायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्हाला वाटलं कवळी हातात आली म्हणजे काम झालं. खरं तर निम्मं काम तिथून पुढे असतं.

आधी हे की दात गेला तर ती जागा तशीच का सोडायची नाही. शेजारचा दात हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलतो, समोरच्या जबड्यातला दात टेकायला काही नाही म्हणून लांबत जातो, फटींमध्ये अन्न अडकतं आणि चांगले दातही किडायला लागतात. वर्षं गेली की कवळी बसवायलाच जागा उरत नाही. अक्कलदाढ गेली तर सहसा काही भरावं लागत नाही, बाकीच्यांचा विचार करा.

पर्याय तीन. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सगळ्यात महाग. ब्रिज म्हणजे लोक ज्याला फिक्स दात म्हणतात तो, त्यासाठी दोन्ही बाजूचे दात कापून त्यावर कॅप घालावी लागते, आणि मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील तर मागे आधारच नसतो म्हणून साधा ब्रिज जमत नाही. तिसरी ही पार्शल कवळी, रोज काढायची-घालायची, शिल्लक दातांना आकड्यांनी धरून राहते.

कवळीतही प्रकार आहेत आणि इथे घाई करू नका. साधी अ‍ॅक्रेलिकची, गुलाबी प्लास्टिक आणि तारेचे आकडे, स्वस्त, तुटली तर जोडता येते, पुढे अजून एखादा दात पडला तर त्यातच वाढवून मिळतो, पण जाड असते आणि सगळा भार हिरडीवर येतो. फ्लेक्सिबल म्हणजे नायलॉनची, तिचे आकडे हिरडीच्याच रंगाचे त्यामुळे पुढच्या दातांना छान दिसते आणि लोकांना म्हणूनच आवडते, पण चावायचा भार तिचाही हिरडीवरच, आणि दुरुस्ती किंवा दात वाढवणं अवघड जातं. कास्ट पार्शलमध्ये कोबाल्ट-क्रोम धातूचा पातळ सांगाडा असतो, त्याला छोटे टेकू असतात, ते शिल्लक दातांवर खाचेत बसतात, म्हणजे चावताना भार दातांवरही वाटला जातो, हिरडीत रुतत नाही. खर्च जास्त आहे, पण तोंडात चांगले घट्ट दात शिल्लक असतील तर मी हीच करा म्हणेन. आईची दुसरी हीच केली.

पैशाची अडचण असेल तर सरकारी डेंटल कॉलेजला जा. मुंबईत सीएसएमटीजवळ आहे, महापालिकेचं नायर डेंटल मुंबई सेंट्रलला, नागपूरला आणि संभाजीनगरला आहे, गोव्यात बांबोळीला. फेऱ्या जास्त होतात, वेळ लागतो, पण विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात. रस्त्याकडेला बसून तारेने आणि अ‍ॅक्रेलिकने शेजारच्या दातांना पक्का दात चिकटवून देणाऱ्यांकडे मात्र कृपा करून जाऊ नका, त्याखाली घाण साचून ते शेजारचे दातही जातात.

दात काढल्या काढल्या लगेच माप घेत नाहीत, जखम भरून हिरडी बसेपर्यंत साधारण दीड ते तीन महिने थांबवतात. पुढचे दात असतील तर तात्पुरती कवळी आधीच बनवून त्याच दिवशी घालता येते, पण पहिल्या काही महिन्यांत हाड सगळ्यात जास्त झिजतं म्हणून ती नंतर सैल होते आणि आतून भरून घ्यावी लागते. आणि माप देण्याआधी बाकीच्या दातांची कीड, हिरड्या, रूट कॅनल सगळं करून घ्या. हलणाऱ्या दाताला आकडा अडकवला तर कवळी तो दातही घेऊन जाईल.

मापाच्या वेळी ट्रेमध्ये गार लगदा भरून तोंडात दाबतात, काहींना उमासे येतात. भरल्या पोटी जाऊ नका, डोकं थोडं पुढे झुकवा, नाकाने श्वास घ्या, मिनिट-दोन मिनिटांत निघतो. दातांचा रंग उजेडात, खिडकीजवळ ठरवा आणि शेजारच्या दाताशी जुळवा, आईचा आग्रह होता पांढरेशुभ्र हवेत, पण शेजारी पिवळसर दात असले की पांढरा दात लांबून ओळखू येतो. मग एक ट्रायल असते, मेणात लावलेले दात तोंडात घालून बघायचे. त्या दिवशी घरातलं कोणीतरी बरोबर न्या, आरशात हसून बघा, बोलून बघा, ओठ फुगल्यासारखा वाटतोय का, दात मोठे आहेत का, जे काय असेल ते तिथेच सांगा, कारण एकदा अ‍ॅक्रेलिक झालं की बदलणं कठीण.

आता घरी आल्यावर. पहिले काही दिवस तोंडात लाळ सुटते, काहीतरी मोठं भरलंय असं वाटतं, स आणि श नीट उमटत नाहीत. पेपर मोठ्याने वाचायचा, आई रोज सकाळी अर्धा तास पोथी मोठ्याने वाचायची, आठवड्याभरात जीभ वळायला लागली. खाणं मऊ भातापासून, छोटे घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं नाहीतर कवळी एका बाजूने उचलते. वरच्या कवळीने टाळू झाकला असेल तर चहा किती गरम आहे ते टाळूला कळत नाही, थेट घसा भाजतो, तेव्हा आधी ओठाने अंदाज घ्या.

घालताना बोटांनी दोन्ही बाजूंनी सारखी दाबून बसवा. दात आवळून खटकन बसवायची सवय लागली की आकडे वाकतात. टोचत असेल तर घरी कानस किंवा ब्लेड लावायची नाही. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी ती थोडा वेळ घालाच, म्हणजे हिरडीवर लाल खूण दिसते आणि नेमकी कुठे घासायची ते त्यांना कळतं. आईच्या दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कवळीच्या आतून पांढरी पेस्ट लावून तोंडात दाबली, काढली तर एका ठिकाणी मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट पुसली गेली होती, तेवढंच घासलं आणि त्या दिवशी ती पोळी जेवली. अशा तीन-चार फेऱ्या धरूनच चाला.

रोज जेवल्यावर काढून चूळ भरा, कवळी धुवा. मऊ ब्रश आणि भांड्याचा किंवा हाताचा साधा लिक्विड सोप बस, टूथपेस्ट, मिश्री, राखुंडी यांनी चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. उकळतं पाणी नको, वाकडी होते, आणि धातूची असेल तर ब्लीचिंगवालं काहीही नको. धुताना बेसिनमध्ये पाणी भरा किंवा खाली टॉवेल ठेवा, हातातून निसटली तर फुटत नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हिरड्यांना आराम हवा, चोवीस तास ठेवली की खाली बुरशी होऊन लालभडक होतं, मधुमेह असेल तर जास्तच. आणि ज्या दातांना आकडे धरतात तेच दात सगळ्यात जास्त घासा, तिथेच कीड लागते.

एक-दोन दातांची छोटी सैल कवळी तर घालून झोपायचीच नाही, गिळली जाऊ शकते, श्वासनलिकेत अडकू शकते, आणि नुसतं अ‍ॅक्रेलिक असेल तर एक्स-रेत दिसतही नाही. सैल झाली तर त्याच आठवड्यात दाखवा. तुटली तर फेविक्विकने जोडू नका, एकदा वाकडी चिकटली की डॉक्टरांनाही तुकडे जुळवता येत नाहीत, सगळे तुकडे डबीत भरून तसेच घेऊन जा.