खानदेशातून दुर्मीळ कॅन्सरच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान कसं मागावं

दुर्मीळ कॅन्सरवर संशोधन म्हटलं की जळगाव-धुळ्याकडचे बरेच डॉक्टर आणि प्राध्यापक म्हणतात, 'ते टाटाचं काम, आपल्याकडे काय आहे?' मला हे पटत नाही. समजा शहाद्याच्या एका शेतमजुराच्या मांडीत गाठ आली. कुणीतरी ती चरबीची समजून काढली, तुकडा तपासायला पाठवलाच नाही आणि काही महिन्यांत ती दुप्पट होऊन परत आली. मुंबईच्या केसपेपरवर याची 'बाहेर शस्त्रक्रिया झाली' एवढीच नोंद होते. त्याआधीचं सगळं इथे घडलेलं असतं आणि ते इथल्याच माणसाला शोधता येतं. तुमचा प्रस्ताव यावर उभा राहिला तर दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीला तो वाचावा लागतो.

आधी आकडेमोड करा

युरोपात वर्षाला लाखामागे 6 पेक्षा कमी नवे रुग्ण असलेला कॅन्सर दुर्मीळ मानतात, अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था हीच मर्यादा 15 धरते. कोणती व्याख्या घेतली ते प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहा. आता आपला हिशेब. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून लोकसंख्या सुमारे 79 लाख. लाखामागे 1 रुग्ण असा आजार घेतला तर तिन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला 79 रुग्ण होतात. त्यातले किती तरी सुरत, इंदूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट परळ गाठतात. तुमच्या ओपीडीत दहा-पंधरा आले तरी पुष्कळ. म्हणजे तीन वर्षांत 200 रुग्ण गोळा करू असं लिहिलंत, तर परीक्षक पहिला टोला तिथेच मारणार.

पॅथॉलॉजीचं रजिस्टर उघडा

हे काम अर्जाचं पोर्टल उघडण्याच्या आधीचं आहे आणि माझ्या मते अर्जातलं सगळ्यात मोलाचं आहे. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. जुन्या नोंदी वापरायला एथिक्स कमिटीची मान्यताही लागते, रुग्णाच्या संमतीतून सूट हवी असेल तर ती कमिटीच देते. मग मागच्या पाच वर्षांची हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याची, रजिस्टरं ओळीने वाचा. 'स्पिंडल सेल ट्यूमर, पुढील तपासणीचा सल्ला' असे शेरे दिसले की थांबा, दुर्मीळ निदानं बहुधा अशाच अर्धवट शेऱ्यांत अडकलेली असतात. प्रत्येक नोंदीसाठी वय, लिंग, जिल्हा, गाठीची जागा, आधी कुठे शस्त्रक्रिया झाली होती का, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) झाली का आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) जागेवर आहे का, एवढे रकाने भरा.

शेवटचा रकाना विसरू नका. पुढचे उपचार मुंबईला असले की नातेवाईक स्लाइड आणि पॅराफिनचा ब्लॉक सही करून घेऊन जातात आणि तो बहुतेक वेळा परत येत नाही. रजिस्टरमध्ये 60 केसेस असतील आणि कपाटात 22 च ब्लॉक सापडले, तर ऊतींवर आधारलेला तुमचा अभ्यास 22 चाच आहे. हा आकडा प्रस्तावात जसाच्या तसा द्या. खरा छोटा आकडा अंदाजाने फुगवलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त वजनदार असतो.

पार्श्वभूमी लिहिताना एक मुद्दा आवर्जून मांडा. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम 1981 पासून आहे. बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 ची. या कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड इथल्या लोकसंख्याधारित नोंदण्या, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी, आहेत. खानदेशातला एकही जिल्हा त्यात नाही. तुमच्या अभ्यासाची गरज सांगायला याहून ठोस आधार शोधायची आवश्यकता नाही.

प्रश्न एकच, पण नेमका

सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचा कॅन्सर. 'खानदेशातील सार्कोमाचा जनुकीय अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याऐवजी हे बघा: 'मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या किती रुग्णांची पहिली शस्त्रक्रिया बायोप्सीशिवाय झाली आणि गाठ लक्षात आल्यापासून योग्य निदानापर्यंत किती काळ गेला?' याला जनुकांचं यंत्र लागत नाही. लागतो तो रुग्णाच्या घरापर्यंत पोचणारा माणूस. मिळालेल्या उत्तरातून तालुक्याच्या डॉक्टरांसाठी 'अशी गाठ असेल तर कापण्याआधी पाठवा' असा साधा तक्ता बनतो. आयसीएमआर प्रश्न पारखताना तो करता येण्याजोगा आहे का, नवा आहे का, नैतिक आहे का आणि त्याचा आरोग्यसेवेला उपयोग काय, हे पाहते. चारही गोष्टींवर दोन-दोन ओळी लिहून बघा, जिथे पेन अडेल तिथे प्रश्न कच्चा आहे.

कोणाकडे मागायचं

वैद्यकीय महाविद्यालयातल्या कायम नोकरीतल्या शिक्षकांनी पहिल्यांदा आयसीएमआरकडे बघावं. संस्थेबाहेरच्या संशोधकांसाठी तिची लहान अनुदानं 2 कोटींपर्यंत आणि मध्यम अनुदानं त्यापुढे 8 कोटींपर्यंत, अशी रचना अलीकडच्या जाहिरातींत आहे. पहिल्या अर्जाला लहान अनुदान पुरे, तेही सगळं मागायची गरज नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी 1979 पासून चालत आलेली अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती आहे. रजिस्टर वाचण्याचं काम एखाद्या हुशार विद्यार्थ्याला त्या वृत्तीतून देता येतं, आणि मोठ्या अर्जासाठी लागणारी प्राथमिक माहिती तयार होते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातले किंवा शिरपूरच्या फार्मसी महाविद्यालयातले संशोधक पेशी, रेणू, औषधं या बाजूने येत असतील तर त्यांनी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या, म्हणजे एएनआरएफच्या, योजना पाहाव्यात. जुनं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता त्यातच विलीन झालं आहे. नव्या प्राध्यापकांसाठीच्या पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानात तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत रक्कम मिळते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या जाहिराती वेगळ्या निघतात. निदानाचं किट किंवा उपकरण बनवणाऱ्या स्टार्टअपला बायरॅकचं (जैवतंत्रज्ञान विभागाची उद्योगांना मदत करणारी संस्था) 'बिग' अनुदान आहे, 50 लाखांपर्यंत.

इथे एक गल्लत नेहमी होते. 2021 चं राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण वाचून काहीजण त्याखाली संशोधनाचा पैसा मागायला निघतात. त्या धोरणातली 50 लाखांपर्यंतची मदत ठरावीक आजारांच्या रुग्णांना, ठरावीक केंद्रांतून उपचारासाठी मिळते. तुमच्या प्रकल्पाची वाट ती नाही.

जोडीदार लवकर गाठा

दुर्मीळ आजारात दुसरं मत लागतंच. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये राष्ट्रीय कर्करोग ग्रिड उभं राहिलं, देशभरातली कॅन्सर रुग्णालयं त्यात आहेत. त्यातल्या एखाद्या केंद्रातल्या पॅथॉलॉजिस्टला सहसंशोधक करा. पत्र लिहिताना 'मार्गदर्शन करावे' असं मोघम मागू नका. 'वर्षाला 15 ब्लॉक पाठवू, तुम्ही निदानाची फेरतपासणी करावी, लेखात दोघांची नावं राहतील' असं लिहिलंत तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. नमुने दुसऱ्या संस्थेत जाणार असतील तर एमटीए म्हणजे साहित्य हस्तांतरणाचा करार करा. परदेशी संस्था जोडीला असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, त्यामुळे पहिल्या प्रकल्पात ते टाळलेलं बरं.

संमतीपत्र माणसाला कळलं पाहिजे

मराठी नमुना जोडला म्हणजे काम झालं असं समजू नका. धडगाव-अक्कलकुव्याच्या रुग्णाशी पावरीत किंवा भिलीत बोलावं लागतं, शिंदखेड्याच्या आजीला अहिराणीत सांगितलं की तिचे प्रश्न सुरू होतात. वाचून कोण दाखवणार, साक्षीदार कोण, आणि 'नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत' हे वाक्य कोणत्या भाषेत सांगणार, ते प्रस्तावात लिहा. लहान गावात वय, गाव आणि दुर्मीळ निदान या तीन गोष्टींवरून माणूस ओळखू येतो. म्हणून निष्कर्षांत गाव, तालुका देऊच नका, जिल्हा पुरे.

एथिक्स कमिटीची नोंदणी चालू आहे का ते आधीच विचारून ठेवा, मुदत संपलेल्या कमिटीचं पत्र चालत नाही. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद हवी.

बजेट: मागा तेच, ज्याचं कारण सांगता येतं

महागड्या यंत्राची मागणी हे लहान महाविद्यालयाच्या अर्जातलं सगळ्यात दुबळं पान असतं. परीक्षक विचारतो, हे चालवणार कोण, तीन वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? त्यापेक्षा माणसं मागा. रुग्णाचा माग काढणारा एक क्षेत्र कार्यकर्ता, शक्यतो सातपुड्याच्या पट्ट्यातला, आणि नोंदी सांभाळणारा एक प्रकल्प सहायक. पगार अनुदान देणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या दरानेच लिहा.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या अँटिबॉडी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, आणि जळगावच्या मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. कुरिअर, थंड पेटी आणि फ्रिजला वीज गेल्यावर पर्याय, हे खर्च छोटे आहेत पण विसरले तर काम नासतं. अँटिबॉडीला मुदत असते, म्हणून तीन वर्षांचा माल एकदम घेऊ नका, खरेदी हप्त्यांत दाखवा. रुग्णाचं एसटीचं भाडं आणि सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी यासाठी तरतूद ठेवा. ही तरतूद नसेल तर फेरतपासणीला माणूस येणार नाही आणि तुमची आकडेवारी गळेल. नेहमीच्या उपचाराचा खर्च मात्र संशोधनात घालू नका. तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचा भाग आहे.

अर्ज भरणं

पोर्टलवर खातं आधीच उघडा. संस्थाप्रमुखांचं शिफारसपत्र, नियुक्तीचा पुरावा, संशोधकांचे बायोडेटा आणि वेळापत्रक एका फोल्डरमध्ये ठेवा. खासगी किंवा ट्रस्टच्या संस्थेला डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता आणि स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक विचारला जातो, त्याला महिने लागू शकतात. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल अडखळतं, दोन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळे व्हा. त्याआधी कॅन्सरशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला सारांश वाचायला द्या. त्याला प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा लिहा.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे छापून टेबलावर ठेवा आणि एकेका शेऱ्यासमोर काय बदललं ते लिहीत पुढच्या जाहिरातीची तयारी करा. पहिल्या फेरीत न निवडलेले अर्ज सुधारून नंतर मंजूर होतात.

मंजुरी आल्यावर

मंजुरीपत्र हाती आलं की त्याच आठवड्यात लेखा विभागात जाऊन बसा. प्रकल्पाचं खातं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या केंद्राच्या प्रणालीवर, नोंदवायचं असतं, खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करायची असते, आणि माणसं नेमायची जाहिरात महाविद्यालयाच्या नियमानेच निघते. या तीन गोष्टींत पहिलं वर्ष सहज निघून जातं. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. त्यानंतर जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) 12-ए नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला, खर्चाचा तक्ता आणि प्रगती अहवाल पाठवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मंजुरीच्या दिवसापासून प्रत्येक बिलाची झेरॉक्स बजेटच्या शीर्षकानुसार वेगळ्या फाइलीत लावत जा, आणि दर तिमाहीला लेखापालांच्या वहीशी ताळा करून घ्या.