दहावीनंतर डिप्लोमाला जाताय? शिष्यवृत्तीची पात्रता आधी तपासा

पॉलिटेक्निकला प्रवेश घेताना बऱ्याच घरांत शिष्यवृत्तीचा विषय निघतो तो फीची पावती हातात पडल्यावर. पण आपण पात्र आहोत की नाही, याचा निम्मा निकाल प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला यावर आधीच लागलेला असतो. म्हणून प्रवेश घेण्याआधीच पुढच्या क्रमाने तपासणी सुरू करा.

१. प्रवेशाचा मार्ग पाहा
तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, जागा घ्या. मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरत असलेल्या जागांवरच्या, प्रवेशाला सरकारी शुल्कसवलत मिळत नाही. ‘कॉलेज तेच, ब्रँच तीच, आत्ताच जागा पक्की करा’ असं कुणी सांगितलं तरी घाई करू नका. त्या घाईची किंमत तीन वर्षं भरावी लागते. कॅपचं अलॉटमेंट पत्र जपून ठेवा. अर्जासोबत ते लागतं.

२. आपली योजना ओळखा
अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तीत शुल्कासोबत निर्वाह भत्ताही असतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी निराश होऊ नका. फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफीच्या योजनेतून, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता मात्र मिळत नाही. अनेक पालक अडीच लाखांचा आकडा ऐकून अर्जच करत नाहीत आणि हक्काची सवलत सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नमर्यादा ८ लाख, सवलत निम्म्या शुल्काची, आणि लाभ कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच. ओबीसी मुलांनाही निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, त्यासाठी नॉन-क्रीमी लेयर (कुटुंब प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नाही, याचं) प्रमाणपत्र हवं.

मुलींसाठी परिस्थिती बरीच बदलली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. तंत्रनिकेतनंही त्यात येतात, पण कॅपची अट इथेही आहेच. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. केवळ फीपायी मुलीचा डिप्लोमा अडला असेल, तर हा निर्णय घरच्यांना जरूर वाचून दाखवा.

बाहेरगावी राहणार असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

३. दाखले काढा
सगळ्यात जास्त वेळ उत्पन्नाच्या दाखल्याला लागतो. आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची सही. जून-जुलैत या केंद्रांवर झुंबड असते, त्यामुळे निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच अर्ज टाका. दाखल्याची मुदत तपासून घ्या. मुदत संपलेला दाखला चालत नाही. जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेटही लागतं.

४. बँक खातं तपासा
विद्यार्थ्याचं स्वतःचं खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग झालं आहे का’ असं स्पष्ट विचारा. केवळ केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं, असं समजू नका.

५. महाडीबीटीवर अर्ज करा
महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून प्रोफाइल पूर्ण भरा. त्या माहितीवरून पोर्टल तुम्हाला लागू होणाऱ्या योजना दाखवतं. अपेक्षित योजना दिसली नाही, तर प्रवर्ग, उत्पन्न, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा प्रकार हे रकाने पुन्हा पाहा. चूक बहुधा तिथेच सापडते.

अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनवर जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर तो परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तसाच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहत जा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत कॉलेजच्या शुल्काची रक्कमही थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ शकते. ती कॉलेजात भरून पावती घ्या. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं असतं. ते आपोआप होत नाही.