जुना खुळा प्रेमपट मनापासून कसा बघावा

दर दिवाळीत आम्ही घरी १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ लावतो. तुम्हीही लावा, पण एकट्यानं बघू नका. शेजारी घरातलं मोठं माणूस हवं. आमची आई चकलीचं पीठ मळता मळता पुढचं वाक्य आधीच बोलून टाकते, अर्धी मजा तिथंच येते.

भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुष बायका होतात, हे सुरुवातीलाच मान्य करून टाका. आवाज, चालणं, मालकीणबाईंना काहीच न कळणं, यावर वाद घालत बसलात तर सिनेमा हातचा गेला. डोक्यावर छप्पर मिळवायची धडपड मात्र अगदी खरी आहे. पुण्यात खोली शोधलेल्या कुणालाही विचारा.

खटकेल ते खटकू द्या. बाईच्या सोंगावरचे काही विनोद मला आता आवडत नाहीत. ते मी लेकीला तिथल्या तिथे सांगते, सिनेमा न थांबवता.

डोहाळजेवणाचं गाणं लागलं की मात्र गप्प बसायचं. नटूनथटून बसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंचा चेहरा बघत राहा. आईचा हातसुद्धा तेवढा वेळ पिठातच थांबतो.