निपाणी पट्ट्यातील विडी तंबाखूवर खत फवारताना: प्रमाण, वेळ आणि होणाऱ्या चुका

उसाचं पान थोडं करपलं तरी वजनात फरक पडत नाही. तंबाखूत पान हाच माल आहे, त्यामुळे फवारणी चुकली तर डाग थेट वखारीतल्या भावावर पडतो.

आधी एक हिशेब. एकरी 200 लिटर पाण्यात 1 टक्का 13:0:45 (हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के) म्हणजे 2 किलो खत. त्यातून पिकाला मिळतो फक्त 260 ग्रॅम नत्र आणि 900 ग्रॅम पालाश. म्हणजे फवारणी जमिनीतल्या खताची जागा घेऊ शकत नाही. तिचा खरा उपयोग पावसाने उघडीप दिली, ओल कमी झाली आणि मुळांना टाकलेलं खत उचलता येईना, तेव्हा. पीक हिरवंगार वाढत असेल तर पैसे वाचवा.

तरू (रोप) लागून जोम धरला की, साधारण 25-30 दिवसांनी, 19:19:19 अर्धा टक्का मारा. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. खालची पानं फिकट पिवळी पडून वाढ खुंटली असेल तर 1 टक्का युरिया (पंपाला 150 ग्रॅम) चालतो. 2 टक्क्यांच्या वर जाऊ नका. युरियातलं बाययुरेट (युरिया बनताना तयार होणारा, पिकाला बाधणारा घटक) जास्त असलं तर टोकं आणि कडा जळतात. कोवळ्या पानावर हे आधी दिसतं. पुढे 45-50 दिवसांच्या सुमारास 13:0:45 एक टक्का द्या. पानाच्या टोकाला आणि कडेला पिवळे ठिपके येऊन कडा खाली वळत असतील तर ती पालाशची कमतरता. शेंडा खुडल्यावर गरज वाटली तर 0:0:50, एक टक्का.

शेंडा खुडल्यानंतर नत्र मात्र बंद. उशिरा दिलेल्या नत्राने पान जाड आणि गडद हिरवं राहतं, पिकायला वेळ लावतं, निकोटीन वाढतं आणि वाळवताना रंग नीट येत नाही. बगलफूटही (पानाच्या बगलेतून येणारे फुटवे) जोर धरते, मग ती काढायची मजुरी वेगळी.

पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका, जमिनीतूनही नाही. त्यात क्लोराइड असतं. ते पानात साठलं की पान ओल धरतं आणि विडी नीट पेटत नाही, विझते. स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं पोतं इथे महागात जातं. सल्फेट किंवा नायट्रेट रूपातलाच पालाश घ्या.

खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका असेल तर मॅग्नेशियम सल्फेट अर्धा टक्का. ते किंवा 0:0:50 कॅल्शियम नायट्रेटसोबत एका टाकीत मिसळू नका. जिप्समचा साका बसून नोझल तुंबतं. पण हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांसह पान सुरकुतलं असेल तर तो बहुधा मोझॅक विषाणू. त्यावर कितीही सूक्ष्म अन्नद्रव्यं मारली तरी उपयोग नाही. उलट अशा झाडाला लागलेले हात आणि कपडे रोग पुढच्या झाडावर नेतात, म्हणून ती झाडं आधी उपटून बाहेर काढा.

पंपाबद्दल सर्वात महत्त्वाचं: उसात 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप तंबाखूला लावू नका. धुतला तरी अंश राहतो आणि शेंड्याची पानं पट्टीसारखी अरुंद, वाकडी होतात. तंबाखूसाठी पंप वेगळाच ठेवा.

खत आधी बादलीत पूर्ण विरघळवून, गाळून टाकीत घाला, चिकटद्रव शेवटी. दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत मारा, नाहीतर चार वाजल्यानंतर. पोकळ शंकूच्या नोझलने बारीक तुषार पाडा. पान ओलं व्हावं, पाणी ओघळू नये. ओल्या पानातून निकोटीन कातडीत शिरतं आणि मळमळ, चक्कर येते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रबरी हातमोजे हवेत.

दोन सऱ्या न फवारता सोडा. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या सऱ्यांशी तुलना करा. फरक दिसत नसेल तर पुढची फवारणी करायची गरज नाही.