निवृत्तीनंतर साठवणीतून दरवर्षी किती काढायचे?

हिशेब साठवणीपासून नव्हे, खर्चापासून सुरू करा. गेल्या १२ महिन्यांचे पासबुक समोर घ्या आणि वहीत महिन्याच्या सरासरी खर्चाचे दोन रकाने पाडा. पहिल्यात न टळणारा खर्च: किराणा, वीज, औषधे. दुसऱ्यात मागेपुढे करता येणारा: प्रवास, भेटवस्तू, समारंभ. विम्याचा हप्ता, कर, घराची डागडुजी हे वर्षाकाठी एकदाच येणारे खर्च हमखास निसटतात. त्यांची बेरीज १२ने भागून पहिल्या रकान्यात घाला. नोकरी सुटली की खर्च उतरेल, असे धरून चालू नका. जाण्यायेण्याचे पैसे वाचतात खरे, पण औषधपाणी वाढत जाते.

आता दोन्ही रकान्यांच्या बेरजेतून दरमहा हमखास येणारे पैसे वजा करा. घरभाडे येत असेल तर वर्षाला ११ महिन्यांचेच धरा, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामे राहते. उरली ती महिन्याची तूट. तिला १२ने गुणा आणि एकूण साठवणीने भागा. राहते घर साठवणीत धरू नका.

उत्तर ४ टक्क्यांच्या आत यायला हवे. हा आकडा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये तिथल्या बाजाराच्या जुन्या आकडेवारीवरून मांडला: पहिल्या वर्षी ४ टक्के, पुढे तीच रक्कम महागाईइतकी वाढवत ३० वर्षे. त्यात निम्मे किंवा त्याहून जास्त पैसे शेअरमध्ये होते, हे बरेच जण विसरतात. जोडीदार वयाने बराच लहान असेल, तर ३ ते ३.५ टक्क्यांवर थांबा.

खरा धोका पहिल्या काही वर्षांत असतो. समजा साठवण १०० आहे आणि दर वर्षाच्या सुरुवातीला ५ काढता. बाजार आधी २० टक्के पडला, मग १० टक्के पडला, मग २५ टक्के चढला, तर तिसऱ्या वर्षअखेरीस ७३.६ उरतात. हीच वर्षे उलट क्रमाने आली तर ७७.९. काहीच काढले नसते, तर दोन्हीकडे ९०च. पडलेल्या भावात विकलेले शेअर पुढच्या तेजीत तुमच्याकडे नसतात, म्हणून हा फरक पडतो.

त्यावर उपाय म्हणजे पैशांचे तीन कप्पे. पहिल्यात दोन वर्षांची तूट, बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवींत. दुसऱ्यात पुढच्या पाच वर्षांची, दरवर्षी एक ठेव पिकेल अशी विभागलेली. एकच मोठी ठेव केली तर अडीअडचणीला सगळीच मोडावी लागते आणि काही व्याज बुडते. उरलेले पैसे तिसऱ्यात, शेअर आणि तत्सम वाढीच्या गुंतवणुकीत. भीतीपोटी हा कप्पा पूर्ण रिकामा ठेवणे महागात पडते: ६ टक्के महागाईत साधारण १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो (७२ भागिले ६), आणि ठेवीचे सगळे व्याज खर्चून टाकले तर मुद्दल मात्र तेवढेच राहते.

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, पहिला कप्पा भरा. बाजार चढा असेल तर तिसऱ्यातून, पडलेला असेल तर दुसऱ्यातून. पडत्या वर्षी महागाईपोटीची वाढ घेऊ नका आणि कात्री वहीतल्या दुसऱ्या रकान्यालाच लावा. औषधांना हात लावू नका.