एस्पेरांतोची क्रियाविशेषणं : मराठी डोक्याच्या या चुका टाळा

इंदूरला रामबागेत दर रविवारी आम्ही चार-पाच जण एस्पेरांतो घोटत बसतो. झामेनहोफ यांनी १८८७ साली ही भाषा मांडली. तिच्या १६ नियमांपैकी क्रियाविशेषणाचा तर एका ओळीचा: शेवटी 'ए' लावा. 'रापिदा' म्हणजे वेगवान, 'रापिदे' म्हणजे भरभर. तरी वह्या लाल होतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ मराठीत सापडतं.

सगळ्यात चिवट चूक ही. आपण 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो' म्हणतो. सांगतो गाण्याबद्दल, पण शब्द वळतो गाणाऱ्याप्रमाणे. त्या सवयीनं हात 'शी कांतास बोना' लिहून मोकळा होतो. हवं 'शी कांतास बोने'. गाणारे दहा असले तरी 'बोने'च. शंका आली तर 'चांगल्या रीतीने' घालून बघा. वाक्य जरा पुस्तकी वाटेल, पण अर्थ टिकला की 'ए' लावा.

ही युक्ती एका ठिकाणी तोंडघशी पाडते. 'भाषा सोपी आहे' इथे नाम आहे, म्हणून 'फात्सिला'. 'शिकणं सोपं आहे' यात मात्र 'शिकणं' एस्पेरांतोत क्रियापदच राहतं, म्हणून 'लेर्नी एस्तास फात्सिले'. 'गरम होतंय' यात तर कर्ताच नाही, तेव्हा तिथेही 'एस्तास वार्मे'.

'घरी'नं तर आम्हाला फार छळलं. मराठीत घरी असतो आणि घरीच जातो. तिकडे 'हेयमे' म्हणजे घरात, 'हेयमेन' म्हणजे घराकडे. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीतून एकानं मेसेज टाकला, 'मी इरास हेयमे'. म्हणजे गडी घरातल्या घरात फेऱ्या मारतोय! (हो, तिकडेही 'मी' म्हणजे मीच.)

'होदियाउ' म्हणजे आज, 'नुन' म्हणजे आत्ता. हे मुळातच क्रियाविशेषणं आहेत, त्यांना 'ए' चिकटवू नका.

राहिलं 'खाताना'. 'पोहे खाताना पाऊस आला' हे आपल्याला खटकत नाही. पण 'मांजान्ते पोहोन, वेनिस प्लूवो' लिहिलंत तर पोहे पावसानं खाल्ले, कारण 'आन्ते'वाल्या शब्दाचा कर्ता मुख्य वाक्याचाच धरतात. कर्ते दोन असले की सरळ 'दुम' (म्हणजे 'असताना') वापरा: 'दुम मी मांजिस पोहोन, वेनिस प्लूवो'.