रिकाम्या भूखंडावर बाग करताय? या चुका टाळा

मुंबईत मोकळा भूखंड दिसला की उत्साही मंडळी पहिल्याच रविवारी रोपं घेऊन येतात. घाई होते ती इथेच. जमीन कोणाची, खाली काय पुरलंय आणि पाणी कुठून येणार, हे आधी ठरवा.

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, विकास आराखडा 2034 मध्ये भूखंडावर कसलं आरक्षण आहे तेही पाहा. "लावा हो, कोण विचारतंय!" यावर विसंबू नका. परवानगी लेखीच घ्या. कुंपणालगत मोठी झाडं लावायची घाई नको. पुढे ती हलवायची तर 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे राडारोड्यावर थेट लाल माती ओतणं. दोन-चार जोरदार सरी झाल्या की निम्मी माती विटांच्या फटींत उतरते, उरलेली घट्ट बसते आणि पाणी तुंबतं. म्हणून एप्रिल-मेमध्येच फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल तर दीड फूट उंचीचे वाफे बांधा. त्यात निम्मी माती, बाकी कंपोस्ट आणि कुजलेला पालापाचोळा. रसवंतीवाल्याकडची चिपाडंही चालतात, पण आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या लागतात.

धारावीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभं आहे. ते 1994 मध्ये खुलं झालं, त्याआधी वर्षानुवर्षं तिथे काम चाललं होतं. वाईट जमीन सुधारते, पण वेळ घेते.

रोप पिवळं पडलं की लगेच खत घालू नका. पान हातात घेऊन नीट बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा सिमेंट-चुन्यामुळे रोपाला लोह मिळत नाहीये. मुळांजवळचे तुकडे वेचून काढा, कंपोस्ट वाढवा. खालची जुनी पानं फिकी पडली असतील तर नत्र कमी आहे. माती ओली असूनही रोपाने मान टाकली असेल तर मुळं कुजताहेत, पाणी थांबवा.

जागेवर पूर्वी गॅरेज असेल किंवा जुन्या रंगाचे पोपडे पडलेले असतील तर मातीत शिसं असू शकतं. तपासणी होईपर्यंत माठ, पालक, मुळा नकोच. झेंडू, जास्वंद लावा.

पाण्याची पिंपं घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

आणि पाळ्या लावताना मे महिना व गणपती विसरू नका. अर्धी चाळ गावी जाते. त्या दिवसांत मागे कोण राहणार, नळाची किल्ली कोणाकडे, हे नावानिशी फळ्यावर लिहा.